गुरू माणसात की शब्दात?

गुरूवाचून गती नाही. साक्षात्कार झालेला माणूस चुकत नाही. आणि जितके कष्ट अधिक तितकी साधना लवकर फळाला येते. या तीन समजुती आपल्या समाजात इतक्या खोलवर रुजल्या आहेत, की त्यांना समजुती म्हणावे हेही कोणाला सुचत नाही. प्रवचनांतून, पारायणांतून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून त्या सिद्ध झालेल्या सत्यासारख्या कानावर पडत राहतात. त्यांच्याविषयी शंका घेणे म्हणजे नास्तिकपणा, किंवा पाश्चात्त्य शिक्षणाचा परिणाम, असाही एक ग्रह आढळतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. या समजुतींची अत्यंत कठोर तपासणी परंपरेच्या आतल्याच माणसांनी केली आहे. त्या तपासणीचे काही महत्त्वाचे प्रसंग नांदेड-लातूरच्या परिसरात घडले, तर काहींच्या आठवणी या परिसराने शतकानुशतके जपल्या.

हा विषय केवळ तात्त्विक नाही. ज्या भागात पावसाचा भरवसा नाही, कर्जाची चिंता सुटत नाही आणि मोठ्या आजारासाठी दूरच्या शहराची वाट धरावी लागते, तिथे कोणाच्या तरी पायाशी बसून निश्चिंत व्हावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्या पायांची निवड चुकली, तर पैसा, आरोग्य आणि क्वचित अब्रूही पणाला लागते. म्हणूनच गुरू म्हणजे नेमके काय, बोध म्हणजे काय आणि साधनेत कष्टांचे स्थान कोणते, हे प्रश्न मठ-आश्रमांइतकेच सामान्य घरांचेही आहेत.

गादीवर बसला शब्द

गुरुपदाविषयीचा सर्वांत धाडसी निर्णय नांदेडला गोदावरीच्या काठी झाला. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि नांदेडला थांबले. तिथे त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात त्यांनी देह ठेवला. त्यापूर्वी त्यांनी आपल्यामागे कोणाही व्यक्तीला गुरू न नेमता गुरुपद ग्रंथाकडे सोपवले, अशी शीख परंपरा सांगते. गुरू नानकांपासून सुरू झालेली देहधारी गुरूंची मालिका इथे थांबली आणि ‘ग्रंथसाहिब’ हे ‘गुरू ग्रंथसाहिब’ झाले. ज्या जागी हे घडले, तिथले तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. आज दिसणारी तिथली मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात बांधवून घेतली. २००८ मध्ये या घटनेला ३०० वर्षे झाली, तेव्हा ‘गुरु-ता-गद्दी’ सोहळ्यासाठी देशविदेशांतून भाविक नांदेडला लोटले होते.

या निर्णयाची पूर्वतयारी आधीच झालेली होती. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे गोविंदसिंगजींनी खालसा पंथाची स्थापना केली. पाच जणांना अमृत देऊन दीक्षा दिल्यावर त्यांनी त्याच पाच जणांपुढे हात जोडले आणि स्वतः त्यांच्याकडून दीक्षा घेतली. गुरूने शिष्याकडून दीक्षा घ्यावी, ही घटना भारतीय गुरुपरंपरेच्या इतिहासात अपूर्वच म्हटली पाहिजे. गुरू आणि शिष्य या दोन जाती नाहीत, ती दोन कामे आहेत आणि ती आलटून पालटून करता येतात, असा तिचा अर्थ होतो. १७०८ चा निर्णय हे या विचाराचे पुढचे पाऊल होते.

शब्द हाच गुरू, ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. गुरू नानक आणि नाथपंथी सिद्ध यांच्यातील संवाद ‘सिध गोसटि’ या नावाने ग्रंथसाहिबात समाविष्ट आहे. तुमचा गुरू कोण, असे सिद्ध विचारतात, तेव्हा नानक कोणा व्यक्तीचे नाव घेत नाहीत. शब्द हा गुरू आणि त्याकडे लागलेले लक्ष हा शिष्य, अशा आशयाचे उत्तर देतात. १६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी ग्रंथाचे संकलन केले, तेव्हा त्यात केवळ शीख गुरूंच्या रचना घेतल्या नाहीत. कबीर, रविदास, शेख फरीद अशा वेगवेगळ्या जातिधर्मांच्या पंधरा भगतांची वाणीही घेतली. त्यांत मराठवाड्याला विशेष जवळचे नाव आहे ते संत नामदेवांचे. त्यांची ६१ पदे ग्रंथसाहिबात आहेत. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म नरसीचा. आज हिंगोली जिल्ह्यात असलेले हे गाव नांदेडपासून दूर नाही. गोदावरीकाठी ज्या ग्रंथापुढे आज मस्तक टेकवले जाते, त्या गुरूच्या वाणीत याच मातीतल्या एका शिंप्याचा शब्द मिसळलेला आहे.

ग्रंथ गुरू झाल्याने व्यवहारात काय बदलले? पहिली गोष्ट अशी, की गुरूपर्यंत पोहोचण्यासाठी कोणाची मर्जी राखावी लागत नाही. ग्रंथापुढे बसणारा वाचक हा सेवक असतो, गुरू नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे गुरूचे म्हणणे गुप्त राहत नाही. जे आहे ते सर्वांसमोर लिहिलेले आहे. ‘तुझ्यापुरता वेगळा आदेश’ देण्याची सोयच उरत नाही. तिसरी गोष्ट, ग्रंथाला वारस लागत नाही. त्यामुळे गादीसाठी भावाभावांत, शिष्याशिष्यांत होणाऱ्या भांडणांचे मूळच निघून जाते. ही भांडणे शीख गुरूंच्या घराण्यांतही झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे निर्णयामागची दूरदृष्टी कळते.

अर्थात एका निर्णयाने माणसाचा स्वभाव बदलत नाही. नामधारी शीख आजही देहधारी गुरू मानतात. ग्रंथाच्या गुरुत्वाचा सिद्धान्त अठराव्या शतकात टप्प्याटप्प्याने दृढ होत गेला, असे काही इतिहासकारांचे मत आहे. शिवाय शब्द गुरू झाला तरी त्याचा अर्थ सांगणारा माणूसच असतो आणि तो माणूस हळूहळू गुरूच्या जागी सरकू शकतो. म्हणजे नांदेडच्या निर्णयाने प्रश्न कायमचा मिटला नाही. मात्र प्रश्न कुठे आहे, ते त्याने दाखवून दिले. गुरूचे मोठेपण त्याच्या देहात की तो देत असलेल्या दृष्टीत, हा तो प्रश्न होय.

हेच उत्तर त्याआधी दोन हजारांहून अधिक वर्षे भगवान बुद्धांनी दिले होते. आपल्यानंतर संघाचा नायक कोण, असा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनी वारस नेमला नाही. धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे आनंदाला सांगितल्याचे पाली वाङ्मयात नोंदले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात याच मुद्द्यावर भर दिला. मार्ग दाखवणारा आणि मोक्ष देणारा यांत त्यांनी स्पष्ट भेद केला आणि बुद्धाने स्वतःकडे केवळ पहिली भूमिका घेतली, हे ठामपणे मांडले. नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांतील बुद्धविहारांत हा ग्रंथ वाचला जातो. एकाच प्रदेशात दोन निरनिराळ्या वाटांनी एकच विचार नांदतो आहे, हे अनेकदा लक्षात येत नाही.

सिद्धी म्हणजे बोध नव्हे

दुसरी समजूत साक्षात्काराविषयीची. एखाद्याला ध्यानात प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, त्याने मनातले ओळखले किंवा काही चमत्कार केला, की तो ‘पोहोचलेला’ ठरतो. एकदा पोहोचलेला ठरला, की त्याचे पैशाचे व्यवहार, त्याचा राग, त्याचे स्त्रियांशी वागणे यांविषयी प्रश्न विचारणे पाप मानले जाते. अनुभव आणि आचरण या दोन गोष्टींची इथे गल्लत होते.

नांदेडचीच एक कथा या गल्लतीवर नेमके बोट ठेवते. गोदावरीच्या काठी माधोदास नावाचा बैरागी आश्रम करून राहत होता. मूळचा काश्मीरकडील राजौरीचा हा तरुण घरदार सोडून फिरत फिरत दक्षिणेत आला होता. त्याने योग आणि तंत्रमंत्र साधले होते, असे परंपरा सांगते. आश्रमात येणाऱ्या साधूंना तो एका पलंगावर बसवी आणि मंत्राच्या बळावर पलंग उलटवून त्यांची फजिती करी. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी त्याच पलंगावर जाऊन बसले आणि त्याचे सारे प्रयोग फसले. शेवटी तो शरण आला आणि मी आपला बंदा, म्हणजे सेवक, असे म्हणाला. तोच पुढे बंदा सिंग बहादूर म्हणून इतिहासात अमर झाला.

पलंगाची गोष्ट ही आख्यायिका आहे. पुढचा भाग मात्र इतिहास आहे. गुरूंनी त्याला आणखी कडक ध्यान करायला सांगितले नाही की अधिक वरची सिद्धी दिली नाही. त्यांनी त्याला पंजाबात पाठवले. १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकले आणि १७१६ मध्ये दिल्लीत हालहाल सोसून मरण पत्करले. नांदेडचा बंदा घाट त्याची आठवण सांगतो. म्हणजे साधनेचे सार्थक सिद्धीत नसून जबाबदारीत आहे, हे त्याच्या गुरूने त्याला दाखवले. या कथेला एक उपसंहारही आहे. बंदा सिंगाच्या काही अनुयायांनी पुढे त्यालाच गुरुस्थानी मानायला सुरुवात केली. तत्त खालसाने ते मान्य केले नाही आणि दोन गटांत तीव्र वाद झाला. नांदेडचा निर्णय ताजा असतानाच माणसाला पुन्हा गादीवर बसवण्याची ओढ किती जोरकस होती, ते यातून दिसते.

नामदेवांच्या चरित्रातील प्रसंग याहून सूक्ष्म आहे. तेरला, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, संतमंडळी जमली असता गोरोबा कुंभारांनी थापटण्याने एकेकाचे मडके तपासले. नामदेवांचे मडके कच्चे ठरले, अशी कथा आहे. ज्यांच्याशी प्रत्यक्ष पांडुरंग बोलतो, असे सारे मानत, तेच कच्चे ठरले! ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, तर विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हरकत घेताच ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय जिथे ठेवावे तिथे पिंडच दिसू लागली. ही कथा शब्दशः घेण्याचे कारण नाही. तिचा रोख ध्यानात घेण्यासारखा आहे. देवाचा उत्कट अनुभव असूनही माणसाची समज अपुरी असू शकते, हे तिचे पहिले सांगणे. आणि खरा गुरू तो, जो स्वतःचे पाय धरायला न लावता शिष्याच्या मनातली मर्यादा मोडतो, हे दुसरे.

अंबाजोगाईशी निगडित असलेल्या मुकुंदराजांच्या आख्यायिकेत तर झटपट साक्षात्काराच्या हव्यासाचेच चित्र आहे. राजा जैतपाळाची अट अशी, की घोड्यावर मांड ठोकायला लागतो तेवढ्या वेळात ब्रह्म दाखवावे. ज्यांना ते जमले नाही त्या साधूंना त्याने तलावाच्या खोदकामाला जुंपले. मुकुंदराजांनी रिकिबीत पाय ठेवताच राजाची समाधी लावली आणि सर्वांची सुटका केली, असे सांगतात. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. याच राजासाठी ‘विवेकसिंधु’ रचला गेला, असेही परंपरा सांगते. या ग्रंथाचा परंपरागत काळ ११८८ हा आहे. क्षणात झालेल्या दर्शनानंतरही विवेकाचा एवढा मोठा ग्रंथ लागतो, हा या आख्यायिकेतला मार्मिक भाग म्हणावा लागेल. क्षणाचा अनुभव राजालाही पुरला नाही. समजून घेण्याचे काम शिल्लकच राहिले.

तासांचे गणित

तिसरी समजूत कष्टांची. लातूर हे नाव शिक्षणक्षेत्रात ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभर माहीत झाले. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा अभ्यास, सराव परीक्षा आणि गुणांची चढती कमान हे त्याचे स्वरूप आहे. परीक्षेच्या बाबतीत कष्टांचे हे गणित बऱ्याच अंशी चालते. म्हणून तेच गणित ध्यानालाही लावले जाते. अमुक तास बैठक, अमुक लक्ष जप, अमुक दिवसांचे मौन. एवढे भरले की फळ ठरलेले. फळ दिसले नाही, की साधक स्वतःला दोष देतो, आणि काही ठिकाणी गुरूही त्यालाच दोषी ठरवतो.

मनाची घडण मात्र वेगळी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितले. तरी तो आला तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. त्यानंतर त्यांना विचार करण्याची मुभा दिली, तेव्हा ज्यांना सुरुवातीपासूनच मुभा होती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. विचार दाबायचा तर तो आला का, हे सतत पाहावे लागते. आणि ते पाहणेच त्या विचाराला जागे ठेवते. ‘मन निर्विचार झालेच पाहिजे’ अशा जिद्दीने बसलेल्या साधकाचे असेच होते. जोर जितका जास्त, तितकी मनाची चौकी कडक, आणि तितकीच अशांतीही.

जुन्या परंपरांना हे ठाऊक होते. बुद्धांनी सहा वर्षांचे देहदंडन निष्फळ मानून सोडले. गीतेचा सहावा अध्याय अतिखाणे आणि अतिउपास दोन्ही नाकारतो आणि मनाला आवरण्यासाठी अभ्यासाला वैराग्याची जोड देतो. पतंजलींच्या योगसूत्रांतही हीच जोडी येते. अभ्यास म्हणजे प्रयत्न. वैराग्य म्हणजे त्या प्रयत्नाच्या फळावरची पकड सोडणे. पहिल्याविना दुसरे आळस ठरते, आणि दुसऱ्याविना पहिले हव्यास.

सोलापूर-विजापूर परिसरात बहरलेल्या इंचगिरी संप्रदायात हा प्रश्न किती गंभीरपणे घेतला गेला, ते पाहण्यासारखे आहे. भाऊसाहेब महाराजांचा भर दीर्घ नामध्यानावर होता. त्यांच्या शिष्यांपैकी गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी तीच वाट चोखाळली. दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांनी मात्र पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग, म्हणजे मुंगीची चाल आणि पक्ष्याची झेप, असा भेद करून विवेकाच्या झेपेवर भर दिला. पुढे ‘आय अ‍ॅम दॅट’ या १९७३ मधील ग्रंथामुळे जगभर पोहोचलेले निसर्गदत्त महाराज हे सिद्धरामेश्वरांचेच शिष्य. एका गुरूचे दोन अधिकारी शिष्य कष्टांविषयी दोन वेगळी उत्तरे देतात आणि दोघांनाही मान मिळतो. याचा अर्थ एवढाच, की कष्टांचे एकच माप सर्वांना लागू पडत नाही.

लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेला लागून कर्नाटकातला बीदर जिल्हा आहे. तिथले बसवकल्याण ही बाराव्या शतकातील शरण चळवळीची भूमी. या भागातील मराठी बोलणाऱ्या लिंगायत समाजाने तो वारसा मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्य’ ग्रंथाच्या पारायणांतून जपला. या परंपरेत गुरूला फार मोठे स्थान आहे. अष्टावरणांत त्याचे नाव पहिले येते. तरीही गुरू इष्टलिंग देतो ते शिष्याच्या हातात. त्यानंतर स्त्री असो वा पुरुष, प्रत्येकाने ते डाव्या तळहातावर घेऊन स्वतः पूजा करायची असते. देव आणि भक्त यांच्यामध्ये रोज कोणी उभे राहत नाही.

कष्टांविषयीही शरणांची दृष्टी वेगळी होती. त्यांनी कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, हीच साधना मानली. आयदक्की मारय्या हा सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करणारा शरण. कायकात गढलेल्याला गुरूच्या दर्शनाचा आणि लिंगपूजेचाही विसर पडला तरी चालेल, अशा आशयाचे त्याचे वचन प्रसिद्ध आहे. एके दिवशी त्याने गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने ते परत टाकून यायला लावले, अशी कथा आहे. इथे गुरूचे काम घरातली बाईच करते! अल्लमप्रभू आणि गोरक्ष यांची कथाही याच परंपरेतली. गोरक्षाने कठोर साधनेने देह वज्रासारखा केला होता. तलवार मारली तर खणखणाट होई. अल्लमप्रभूंच्या देहातून मात्र तलवार हवेतून जावी तशी आरपार गेली. साधनेने ‘मी’ टणक झाला की विरला, हीच कसोटी ही कथा सुचवते.

कष्ट आणि कृपा यांचा मेळ नांदेडच्या नावातच दडलेला आहे, असे म्हणता येईल. ‘सचखंड’ हा शब्द गुरू नानकांच्या ‘जपुजी’तील पाच पायऱ्यांपैकी शेवटची पायरी दाखवतो. धर्मखंड, ज्ञानखंड, सरमखंड, करमखंड आणि सचखंड हा तो क्रम होय. ‘सरम’ म्हणजे श्रम आणि ‘करम’ म्हणजे कृपा, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. इतर अर्थही सुचवले गेले आहेत. पहिला अर्थ घेतला, तर श्रम हा टप्पा आहे, मुक्काम नव्हे. श्रमाशिवाय पुढे जाता येत नाही, आणि श्रमाच्या जोरावर हक्क सांगून शेवटचे दार उघडत नाही.

संशोधन काय सांगते

ध्यानाची आता वैद्यकीय अंगानेही तपासणी झाली आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आणि ३,५१५ सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा माफक उपयोग होतो, असे त्यात आढळले. मात्र व्यायाम किंवा औषधोपचार यांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. २०१७ मध्ये ब्राउन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी बौद्ध ध्यान करणाऱ्या सुमारे ६० पाश्चात्त्य साधकांच्या मुलाखतींवरून ध्यानातील त्रासदायक अनुभवांचा अभ्यास मांडला. भीती, निद्रानाश, आवाज-प्रकाशाची अतिसंवेदनशीलता, जग खरे न वाटणे असे अनुभव त्यात नोंदले गेले, आणि काहींचा त्रास दीर्घकाळ टिकला.

यावरून ध्यान वाईट ठरत नाही. उपयोगी आणि मर्यादा असलेल्या इतर साधनांसारखेच ते एक साधन आहे, एवढेच ठरते. ज्या साधनेचे दुष्परिणाम संभवतात, तिथे ‘त्रास होतो म्हणजे प्रगती होते आहे, आणखी जोर लावा’ असा सरसकट सल्ला देणे धोक्याचे असते. झोप उडाली, भास होऊ लागले, तर बैठक थांबवून डॉक्टरांकडे जाणे यात साधनेचा पराभव नाही.

मग गुरू नकोच का?

या साऱ्याचा निष्कर्ष ‘गुरू नकोच’ असा काढला, तर तोही घाईचा ठरेल. गाणे शिकायला जसा गवई लागतो, तसा मनाची वाट शिकायलाही अनुभवी माणूस उपयोगी पडतो. चूक कुठे होते, ते बाहेरच्याला लवकर दिसते. नामदेवांना विसोबा लागले, माधोदासाला गोविंदसिंगजी लागले. प्रश्न गुरू असण्याचा नाही, गुरू काय करतो याचा आहे. वर आलेल्या कथांतील गुरूंमध्ये एक साम्य आहे. विसोबा पाय धरायला लावत नाहीत, गोविंदसिंगजी शिष्यापुढे हात जोडतात आणि त्याला आश्रमाबाहेर धाडतात, लिंगायत गुरू लिंग शिष्याच्याच तळहातावर ठेवतो. प्रत्येक जण शिष्याला स्वतःच्या पायावर उभे करतो. गुरूची गरज दिवसेंदिवस कमी होत गेली, तर शिक्षण चालू आहे. ती वाढत गेली, तर तिथे दुसरेच काही चालू आहे.

ज्यांचे ‘दुसरेच काही’ गुन्ह्याच्या पातळीवर जाते, त्यांच्यासाठी महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला. त्याखालील अगदी सुरुवातीच्या कारवायांपैकी एक सप्टेंबर २०१३ मध्ये नांदेडमध्ये झाली. असाध्य रोग दैवी शक्तीने बरे करण्याच्या जाहिरातीशी ती संबंधित होती. वारी, कीर्तन, पूजा, प्रवचन यांना हा कायदा हात लावत नाही. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे, अंगात शक्ती असल्याचे सांगून फसवणे, अवतार असल्याचा दावा करून लैंगिक शोषण करणे अशा कृत्यांना तो शिक्षा सांगतो. म्हणजे श्रद्धा आणि फसवणूक यांच्यातली रेघ कायद्यालाही ओढता आली आहे. ती घराघरांत ओढणे तितकेसे अवघड नसावे.

त्यासाठी फार मोठे तत्त्वज्ञान लागत नाही, काही साधे प्रश्न पुरतात. या गुरूला प्रश्न विचारता येतो का, आणि विचारल्यावर त्याचा चेहरा बदलतो का? पैशाचा हिशेब उघडा आहे का? डॉक्टरांचे औषध बंद करायला सांगितले जाते का? घरच्यांपासून, मित्रांपासून माणूस तोडला जातो का? इथून निघून जायचे म्हटले, तर शापाची भीती घातली जाते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, इतकी वर्षे साधना करून माणूस घरात, शेतात, कचेरीत अधिक सरळ, अधिक मोकळा झाला का? उत्तरे समाधानकारक असतील, तर गुरू लाभला असे खुशाल समजावे. नसतील, तर उठून येण्यात अश्रद्धा नाही.

गोदावरीच्या काठी १७०८ मध्ये एका गुरूने आपल्यामागे माणसाची गादी ठेवली नाही. अनुयायांना त्याने पोरके केले नाही, प्रौढ केले. गुरूकडून हीच अपेक्षा करावी, आणि शिष्यानेही त्यासाठी तयार असावे.